बॉसचा मेसेज आणि काही लाख तारे

शनिवार संध्याकाळची कर्जत लोकल. एरवी या वेळेला आमची चौकडी मल्टिप्लेक्सच्या रांगेत असते. पण एप्रिलातली अमावास्या गाठून आम्ही सॅक पाठीला लावली आणि थेट वांगणी! आकाशदर्शनाला. माझं ताऱ्यांचं ज्ञान राशिभविष्याच्या कॉलमपुरतंच, तेव्हा हसू नका.

शेतात बारा इंची दुर्बीण उभी होती. बारा इंच म्हणजे लांबी नव्हे, आरशाचा व्यास (मलाही तिथेच कळलं). आपल्या डोळ्याच्या सुमारे १८०० पट प्रकाश गोळा करणारं अवाढव्य नळकांडं. दाखवणाऱ्या काकांची अट एकच : मोबाइल बंद. टॉर्चलासुद्धा लाल कागद. डोळे अंधाराला सरावायला २०-३० मिनिटं लागतात आणि पांढऱ्या उजेडाची एक झलक ती सगळी मेहनत पाण्यात घालते.

अकराच्या सुमाराला दक्षिणेकडे नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी पाहिला. लंडनहून तो कधी दिसतच नाही, सो तिथल्या मित्रावर भाव खायची सोय झाली.

मग शौरीतल्या एम १३ ची रांग. माझा नंबर तिसरा. आणि खिशात थरथर! बंद कुठे केला होता मी, नुसता सायलेंटवर. हात सवयीने गेलाच. 'मंडेच्या प्रेझेंटेशनची फाइल कुठेय?' स्क्रीनचा झगझगीत भपका आणि चहूबाजूंनी "अरेऽऽ!" माझ्या पुढची शाळकरी मुलगी डोळे चोळत म्हणाली, "काका, आता मला काहीच दिसत नाहीये."

काका! वय वर्षं २७. पण तक्रार कुठल्या तोंडाने करणार? सगळी रांग वीस मिनिटं थांबली. मी फोन खरोखरच बंद केला आणि गुपचूप शेवटी जाऊन उभा राहिलो.

माझा नंबर दोनला लागला. आधी दिसला नुसता राखाडी धब्बा. "सरळ रोखून नको, जरा बाजूला बघ," काका म्हणाले. बघितलं, आणि धब्ब्याचा रवा झाला. सांडलेला, चमचमता, कणन्‌कण वेगळा. काही लाख तारे, अंतर सुमारे २५ हजार प्रकाशवर्षं. १९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीतून या गुच्छाच्या दिशेने रेडिओ संदेश धाडला होता म्हणे. तो अजून वाटेतच आहे.

"दिसलं का काका?" तीच मुलगी, दुसऱ्या फेरीला आलेली.

बॉसला फाइल पाठवली सकाळी साडेसातला, परतीच्या लोकलमधून.