जिम काढताय? आधी हिशेब मांडा

२२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ‘आता गावात जिम काढू’ असे घरातला पोरगा म्हणत असेल, तर शेतकरी बंधूंनो, या सवलतीच्या भरवशावर वावर गहाण टाकू नका. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असली, तर जीएसटी नोंदणीची सक्तीच नाही. जो कर लागतच नव्हता, तो घटणार काय? उलट साहित्य घेताना भरलेला कर परत मिळत नाही. तो भांडवलातच धरा.

खरी बचत यंत्रे टाळण्यात आहे. केटलबेल म्हणजे कडीचे लोखंडी वजन, मूळचे रशियातल्या धान्यबाजारातले. तिथला एक पूद म्हणजे सुमारे १६ किलो. म्हणून आजही १६, २४, ३२ अशी चढण. वीज लागत नाही, लहान खोली पुरते. मात्र १६ वरून २४ वर घाईने गेले की कंबर धरते. शिकवणारा जाणकारच हवा.

सरपंच, ग्रामसेवकांनी पडून असलेली तालीम वापरायला देण्याचा विषय ग्रामसभेपुढे घ्यावा. आणि पोरांनो, दरमहा फी देणारे किती, ते आधी मोजा. कर्जाचा कागद मग.