दारे बंद, तरी आवाज शेजारी

गोव्यातील हणजूण-वागातोर परिसरात पब व रेस्तराँमधील रात्रीच्या कर्णकर्कश संगीताचा वाद मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापर्यंत पोहोचला आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ४५ डेसिबलची मर्यादा आहे. एरवी या वेळेत ध्वनिक्षेपकाला बंदिस्त जागेतच मुभा मिळते. मात्र बंदिस्त जागा ध्वनिरोधक असतेच असे नाही. छताला लावलेली सच्छिद्र पटले व जाड पडदे आतील घुमणारा आवाज शोषतात. ग्राहकांना ओरडून बोलावे लागत नाही. बाहेर जाणारा खर्जाचा ठोका रोखण्यास जड भिंती, दुहेरी दारे आणि फटी नसलेल्या खिडक्याच लागतात. म्हणूनच परवान्यापूर्वी बांधकामाची तपासणी आवश्यक ठरते. नंतरच्या दंडाने शेजाऱ्यांची झोप परत मिळत नाही.