टेबलावरचं बिल

आपल्याकडे हॉटेलात जेवलं की बिल बशीतून येतं, सोबत बडीशेप. पॅरिसमधल्या 'बुयाँ शार्तिए' या जुन्या खानावळीत मात्र ते येतच नाही! टेबलावर अंथरलेल्या कागदावरच वेटर पदार्थ नि आकडे लिहितो आणि तुमच्या डोळ्यांदेखत बेरीज करतो. आपणही मनातल्या मनात करून पाहावी. हातचा राहिला असेल तर तिथल्या तिथे कळेल!

बुयाँ म्हणजे मांस उकळून केलेलं पातळ सूप. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला द्युव्हाल नावाच्या खाटकाने बाजारात राबणाऱ्या लोकांना स्वस्तात काही गरमागरम मिळावं म्हणून ते विकायला सुरुवात केली. त्याच धर्तीवर १८९६ साली शार्तिए बंधूंनी ही खानावळ काढली. उंच काचेचं छत, मोठाले आरसे, पितळी मांडण्या. थाट राजवाड्याचा अन् दर कामगाराला परवडणारे! १९८९ साली ही वास्तू ऐतिहासिक वारसा म्हणून नोंदली गेली.

भिंतीत नंबर घातलेले छोटे लाकडी खण आहेत. ते पूर्वी नेहमीच्या गिऱ्हाइकांचे असत, बरं का! जेवण झालं की जो तो आपला रुमाल घडी घालून आपल्या खणात ठेवत असे.

गर्दी असली की अनोळखी माणसांशेजारी बसवतात. पाव नि नळाचं पाणी यांचे वेगळे पैसे पडत नाहीत. यादीत गोगलगायीही असतात. नाक मुरडू नका हं, कोकणात आपण तिसऱ्या खातोच की! शाकाहारी मुलांनी मात्र फ्रेंच कांद्याचं सूपसुद्धा विचारूनच मागवावं. त्यात बहुधा मांसाचाच रस्सा असतो.