पन्नास रुपयांचे सद्वर्तन

मनसरहून रामटेकास येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या डोक्यावर हेल्मेट नसेल, तर २०१९ साली सुधारलेल्या मोटार वाहन कायद्याने त्यास १,००० रुपये दंड सांगितला आहे. याउलट, गुन्हा शाबीत होऊनही ज्यास न्यायालयाने सद्वर्तनाच्या मुचलक्यावर सोडले, त्याने मुचलक्याची अट प्रथमच मोडल्यास दंड किती? १९५८ च्या प्रोबेशन कायद्याचे नववे कलम सांगते, फार तर ५० रुपये! नाही तर थेट मूळ गुन्ह्याची शिक्षा. अटी बदलण्याचा अधिकार न्यायाधीशास आहे खरा. पण शिक्षेची मधली पायरी नाही. १९५८ साली ५० रुपयांस वजन होते. आज त्यांची किंमत आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको.

प्रोबेशनचे तत्त्व आम्हांस मान्य आहे. रामटेक ज्या मध्यप्रांतात होते, तेथे १९३६ सालीच असा कायदा झाला होता. परंतु दया म्हणजे मोकळे रान नव्हे. बेदरकारपणे वाहन हाकून माणसाचा जीव घेणाऱ्यास ही सवलत सामान्यतः देऊ नये, चालकांस जरब राहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दलबीर सिंग खटल्यात २००० साली बजावलेच आहे.

तथापि नुसती रक्कम वाढविणे हा उपाय आम्हांस अपुरा वाटतो. रोजी बुडेल म्हणून हजेरी चुकविणारा मजूर आणि मुचलका लिहून देऊनही पुन्हा मद्य पिऊन गाडी हाकणारा, या दोघांस एक माप लावणे अन्यायाचे होईल. पहिल्यास ताकीद पुरे. दुसऱ्यास मुचलक्याची मुदत संपेपर्यंत वाहन चालविण्याची मनाई व्हावी, आणि तशी तरतूद संसदेने नवव्या कलमातच घालावी.