एकक आणि आशय

द्रावणाच्या संहतीची एकके हा केवळ परीक्षेपुरता पाठ करण्याचा विषय आहे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्राचे उदाहरण घेतले, तर ती किती अपुरी आहे हे ध्यानात येते. तेथे क्रोमचा विद्युत्-मुलामा देणारे अनेक लहान कारखाने आहेत, आणि परिसरातील भूजलात क्रोमियम आढळल्याच्या नोंदीही आहेत.

अशा मुलाम्याच्या प्रचलित द्रावणात लिटरमागे सुमारे २५० ग्रॅम क्रोमियम ट्रायऑक्साइड असते. याच्या एका मोलाचे वजन १०० ग्रॅम; म्हणून रसायनज्ञ याच द्रावणाला २.५ मोलर म्हणेल. त्यातील निव्वळ क्रोमियम मात्र ५२ टक्के, म्हणजे १३० ग्रॅम. उलटपक्षी, पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक क्रोमियमला लिटरमागे ०.०५ मिलिग्रॅम एवढीच मुभा देते. कारखाना ग्रॅममध्ये बोलतो, मानक मिलिग्रॅममध्ये. दोहोंना एका एककात आणले की कळते, की टाकीतील एक लिटर द्रावण त्या मर्यादेपर्यंत विरल करावयास सुमारे २६ लक्ष लिटर निर्मळ पाणी लागेल.

एकक बदलणे हे एक प्रकारचे भाषांतरच होय, आणि भाषांतरात संदर्भ सुटला की अर्थ बिघडतो. ‘लिटरमागे मिलिग्रॅम’ आणि ‘दशलक्षात एक भाग’ हे शब्दप्रयोग समानार्थी ठरतात ते विरल जलीय द्रावणापुरते, कारण तेथे एक लिटर जवळजवळ एक किलो भरतो. मुलाम्याच्या दाट द्रावणात ही समानता टिकत नाही.

याहून गंभीर गोष्ट अशी की, संहती म्हणजे राशी नव्हे. सांडपाण्यात स्वच्छ पाणी मिसळले तर लिटरमागचा आकडा उतरतो. नाल्यात जाणारे एकूण क्रोमियम मात्र तेवढेच राहते. खरी प्रक्रिया निराळी आहे: आम्लयुक्त द्रावणात षट्संयुजी क्रोमियमचे त्रिसंयुजीत क्षपण करून, मग चुन्याने त्याचा साका पाडावा लागतो.

म्हणून प्रस्तुत लेखकाचे मत असे की, सांडपाण्याच्या प्रत्येक अहवालात संहतीबरोबरच सोडलेल्या पाण्याचे प्रमाण आणि त्यातील क्रोमियमचे एकूण वजनही द्यावे. आणि ते तेथील कामगारांना व रहिवाशांना कळणाऱ्या कन्नडमध्ये द्यावे. कशाचे किती, आणि कितीमध्ये, हे दोन्ही प्रश्न विचारता येणे हीसुद्धा साक्षरताच आहे. ती शिकविण्याची जबाबदारी रसायनाच्या अध्यापकांइतकीच भाषेच्या अध्यापकांवरही येते.