पिचकारीचं पिस्तूल

रंगपंचमी झाली की आमच्या देवळाली प्रवऱ्यात पिचकाऱ्या माळ्यावर जातात. यंदा त्यातली एक भाच्याने शॉर्ट फिल्मसाठी पळवली. जोडाची शिवण पॉलिश पेपरने घासली, पाणी भरायचं भोक एम-सीलने बुजवलं, राखाडी प्रायमर मारून वर मॅट काळा रंग दिला आणि कडांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली. झालं लोखंड!

"त्यापेक्षा खरंच आणायचं की!" एक शहाणे म्हणाले. अहो, कशाला? २०२१ साली 'रस्ट'च्या सेटवर खऱ्या पिस्तुलातून खरी गोळी सुटली आणि छायाचित्रकार हॅलिना हचिन्स जिवानिशी गेली. खरेपणा पडद्यावर दिसावा लागतो, हातात असावा लागत नाही.

पण भाच्याला भर बाजारात सीन हवाय. तिथे मात्र मी आडवा आलो. २०१४ साली अमेरिकेत क्लीव्हलंडला तमीर राइस हा १२ वर्षांचा पोरगा पोलिसांच्या गोळीने मेला. जवळ होतं खेळण्यातलं पिस्तूल, टोकाची केशरी खूण निघालेलं. कॅमेऱ्याला फसवा, माणसांना नको. शूटिंग घरच्या अंगणात, शेजाऱ्यांना आधी सांगून. आणि पॅकअप झालं की टोकाला केशरी रंग.

भाचा रुसलाय. रुसू दे. असो.