मीटरप्रमाणे मजुरी, निकालाप्रमाणे मदत

सुरतेच्या यंत्रमागावर राबणाऱ्या कामगाराला ठराविक मासिक वेतन क्वचितच असते. जितके मीटर कापड मागावरून उतरेल तितकी मजुरी, हा येथील जुना शिरस्ता. हिरे घासणाऱ्या कारागिरालाही नगावर पैसे मिळतात. वीज गेली, सूत तुटके आले, अंगात ताप भरला, तरी मजुरी बुडते ती त्या कामगाराचीच. उधना, लिंबायत, डिंडोली या भागांत स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी कुटुंबांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

हाच हिशेब अलीकडे लोककल्याणाच्या कार्यालाही लावला जाऊ लागला आहे. पूर्वी दाता पैसे देई आणि संस्था किती वर्ग चालविले, किती पुस्तके वाटली, याचा अहवाल धाडी. मूल वाचू लागले की नाही, हे विचारण्याचे सौजन्य कोणी दाखवीत नसे. नव्या रीतीत प्रथम एक गुंतवणूकदार पैसा घालतो, संस्था काम करते, त्रयस्थ परीक्षक मुलांची प्रगती मोजतो आणि ठरलेले फळ दिसले तरच दाता गुंतवणूकदाराला मुद्दल व वर काही नफा देतो. फळ न दिसल्यास गुंतवणूकदाराचा पैसा बुडतो. 'डेव्हलपमेंट इम्पॅक्ट बॉण्ड' असे या व्यवस्थेचे भारदस्त नाव आहे.

शिक्षणक्षेत्रातील असा पहिला प्रयोग आपल्या शेजारच्या राजस्थानात, भिलवाडा जिल्ह्यात, २०१५ ते २०१८ या काळात झाला. काम 'एज्युकेट गर्ल्स' या संस्थेचे, पैसा स्वित्झर्लंडच्या 'यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशन'चा. पहिली दोन वर्षे निकाल बेताचाच लागला. तेव्हा संस्थेने आपली पद्धत बदलली. मुलांचे त्यांच्या कुवतीनुसार गट पाडले, गैरहजर मुलांच्या घरापर्यंत कार्यकर्ते गेले. अखेरीस अध्ययनाचे उद्दिष्ट १६० टक्के आणि पटनोंदणीचे ११६ टक्के साधले. गुंतवणूकदारालाही वार्षिक १५ टक्के दराने परतावा मिळाला. पुढे २०१८ साली 'ब्रिटिश एशियन ट्रस्ट'ने याच धर्तीची मोठी योजना दिल्ली आणि आपल्या गुजरातेत आणली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२० साली आरोग्यसेवेसाठी संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाशी असाच करार केला.

कल्पना नवी म्हणून मिरविली जाते. पण ती तशी नवी नाही. इंग्लंडात १८६२ पासून शाळांचे अनुदान मुलांच्या परीक्षेवर ठरू लागले. तपासनीस येई, वाचन, लेखन व अंकगणित तपाशी आणि त्यावर शाळेचे पैसे ठरत. परिणाम असा झाला की, शिक्षक मुलांकडून नेमलेले पुस्तकच घोकून घेऊ लागले. कवी मॅथ्यू अर्नोल्ड हे स्वतः शाळा-तपासनीस; त्यांनी या पद्धतीवर सतत टीका केली.

मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान देण्याची ही रीत होती. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन करताना महात्मा जोतीराव फुले यांनी तिच्यावर नेमके बोट ठेवले. त्यांचे म्हणणे असे की, गरीब व अशिक्षित समाजाच्या प्राथमिक शिक्षणाला ही रीत मुळीच सोयीची नाही. ज्या घरांत शिक्षणाची गोडीच अद्याप उत्पन्न झालेली नाही, तेथे कोणता शिक्षक स्वतःच्या हिमतीवर शाळा काढील? त्याचे पोट त्यावर कसे भरेल? म्हणून तेथे सरकारी शाळाच हव्यात आणि खास उत्तेजनही हवे. निकाल पाहू नये, असे जोतीरावांनी म्हटलेले नाही. जोखीम कोणाच्या शिरावर टाकता, हा त्यांचा प्रश्न होता. आजच्या नव्या रीतीत ती धनवान गुंतवणूकदाराच्या शिरावर आहे, हा फरक मोठा आणि स्वागतार्ह आहे. तो टिकला पाहिजे.

परंतु दुसरा प्रश्न उरतोच. मोजायचे काय आणि कोणत्या भाषेत?

आम्हाला एक मुलगी आठवते. घरी अहिराणी, शाळेत मराठी, रस्त्यावर गुजराती. वडील यंत्रमागावर. किती ताके उतरले, कितीची उचल झाली, हातात किती येणार, हे सारे ती तोंडी चोख सांगे. चाचणीतला तोच हिशेब शाब्दिक उदाहरण होऊन कागदावर आला, तेव्हा मात्र तिला त्यातले दोन शब्दच उमगले नाहीत आणि उत्तरापुढे भोपळा पडला. परीक्षकाच्या तक्त्यात ती 'गणितात अप्रगत' ठरली. त्या तक्त्यावर पैसा अवलंबून असता, तर अशी मुले पटावर घेण्यास कोणती संस्था राजी झाली असती? सुरत महानगरपालिकेच्या शाळा गुजरातीखेरीज मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू अशा माध्यमांतही चालतात. एवढ्या भाषांच्या नगरीत एकच मोजपट्टी सर्वांना लावणे न्यायाचे नव्हे.

पण हेही कबूल केले पाहिजे की, त्या तक्त्यामुळेच आम्ही त्या मुलीजवळ जाऊन बसलो. त्याआधी दोन वर्षे ती आमच्या डोळ्यांसमोर वरच्या वर्गात सरकत होती आणि आम्ही हजेरीपटावर समाधान मानीत होतो. भिलवाड्याच्या कार्यकर्त्यांना दोन वर्षांच्या बेताच्या निकालाने जे शिकविले, तेच आम्हाला त्या एका भोपळ्याने शिकविले. मोजमाप नको म्हणणारा शिक्षक पुष्कळदा मुलाचा नव्हे, स्वतःचा बचाव करीत असतो. आम्हीही तो केला आहे.

तेव्हा निकालाप्रमाणे मदत द्यावयाची असेल तर अवश्य द्यावी. मात्र बुडीताचा बोजा शिक्षकावर वा मुलावर पडू नये आणि प्रश्न मुलाला समजेल अशा भाषेत विचारला जावा. आपल्या वाचकांपैकी अनेकजण शिक्षणसंस्थांना व मंडळांना देणग्या देतात. पुढील वेळी पावती घेताना इतकेच विचारावे: मुले काय शिकली, आणि जी शिकली नाहीत त्यांच्या घरी कोण जाऊन आले? कापड मीटरने मोजता येते. पण सूत कोठे तुटले, हे पाहण्यासाठी कोणीतरी मागाजवळ उभे राहावेच लागते.